ट्रायलमध्ये नाव घालायचं की चालू उपचारच पुढे न्यायचे? साताऱ्यात बसून ठरवणाऱ्यांसाठी

मनोविकारतज्ज्ञ तपासता तपासता म्हणतात, "एक ट्रायल चालू आहे, बघा विचार करून." ट्रायल म्हणजे औषधाची किंवा उपचाराची माणसांवरची चाचणी. मग घरी पोचेपर्यंत दोन तट पडलेले असतात. एक बाजू म्हणते, आमच्या पोराला प्रयोगाचा उंदीर करायचा नाही. दुसरी म्हणते, नवं औषध, तेही फुकट, वर मोठ्या डॉक्टरांची देखरेख, मग नाही कशाला म्हणायचं? शुभंकरांच्या, म्हणजे घरात रुग्णाची काळजी घेणाऱ्यांच्या बैठकीत मी या दोन्ही बाजू कायम ऐकते. दोघांचाही हिशेब "नवं चांगलं की जुनं" असा चाललेला असतो आणि तो चुकीच्या खात्यावर मांडलेला असतो.

नेहमीच्या उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून औषध ठरवतात. ट्रायलमध्ये ते चिठ्ठी ठरवते, म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसे गट नशिबाने पडतात. डॉक्टर कितीही चांगले असोत, तुम्हाला कुठल्या गटात टाकायचं हे त्यांच्या हातात नसतं आणि पुष्कळ ट्रायलमध्ये तुम्ही कुठल्या गटात आहात हे त्यांनाही कळत नाही. ट्रायल एका प्रश्नाचं उत्तर शोधायला उभी केलेली असते. त्या वाटेत तुम्हाला बरं वाटलं तर उत्तमच, पण ती उभी केली ती त्यासाठी नव्हे. खालची सगळी तुलना या फरकातून निघते.

आधी विचारा, ट्रायल कशाची?

या एका शब्दाखाली निदान चार प्रकार खपतात. पहिला म्हणजे अजून बाजारात न आलेलं औषध. त्यामागे कंपनी असते आणि वर केंद्राच्या औषध महानियंत्रकांची परवानगी लागते. दुसरा, बाजारात असलेल्याच औषधांवर मेडिकल कॉलेजात होणारा शैक्षणिक अभ्यास. तिसऱ्यात समुपदेशन, घरभेटी, योग किंवा मोबाइलवरचा एखादा कार्यक्रम चालू औषधांच्या जोडीला देऊन बघतात. चौथ्यात काहीच देत नाहीत, प्रश्नावली भरून घेतात, फार तर रक्ताचा नमुना घेतात.

घाबरायचं तर पहिल्यालाच, आणि तेही समजून. चौथ्याला "उंदीर" म्हणणं म्हणजे जनगणनेवाल्याला दारातून हाकलण्यासारखं आहे. त्यात एकच गोष्ट नीट विचारायची. माहिती कोण बघणार आणि नाव लपवलं जाणार का? आपल्याकडे गाव लहान, सोयरीक जवळची. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर हा प्रश्न औषधाच्या प्रश्नाइतकाच मोठा असतो.

तिसऱ्या प्रकाराचा अनुभव तर साताऱ्याला आहे आणि इथल्याच पुष्कळांना ते ठाऊक नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दवाखान्यातल्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन मदत केली तर फरक पडतो का, हे पाहणारी 'कॉप्सी' नावाची चाचणी तीन ठिकाणी झाली. तामिळनाडूतलं कांचीपुरम, गोवा आणि आपला सातारा. एकूण २८२ जण होते. चिठ्ठीने १८७ जणांना दवाखाना अधिक घरभेटी मिळाल्या, ९५ जणांना फक्त दवाखाना. वर्षभर हे चाललं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. फायदा दिसला, पण माफक, आणि ठळक दिसला तो कांचीपुरमला. घरभेटीवाले कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, त्यांना शिकवून तयार केलं होतं. गोळ्या वेळेवर घेणं, घरच्यांशी बोलणं, कामाला परत लागणं यांत ते मदत करत.

माझ्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ज्यांच्या वाट्याला घरभेटी आल्या नाहीत, त्यांचा नेहमीचा उपचार चालूच होता. चिठ्ठी विरुद्ध पडली तरी तुम्ही आज जिथे उभे आहात त्याच्या मागे जात नाही. अशी ट्रायल जवळपास निघाली तर मी फार विचार न करता हो म्हणा म्हणेन. पहिल्या प्रकारात ही खात्री नसते, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल.

दुसऱ्या पारड्यात काय आहे

चालू उपचारांनाही न वाढवता, न कमी करता मोजलं पाहिजे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, सांगलीच्या बाजूला मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गावोगावचे खासगी तज्ज्ञ आहेत. दाखल करायची वेळ आली तर येरवडा किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. डिप्रेशनवरची, स्किझोफ्रेनियावरची, बायपोलरवरची जी औषधं जगभर पहिल्यांदा देतात, त्यांतली बहुतेक इथे मिळतात आणि महिन्याचा खर्च डोंगराएवढा नसतो. औषध उपलब्ध नाही ही खरी अडचण क्वचितच असते. कमी पडतो तो वेळ. सरकारी असो की खासगी, ओपीडीत बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. "झोप कशी आहे? गोळ्या चालू आहेत ना? पुढच्या महिन्यात या." एवढ्यात नंबर संपतो.

ट्रायलमधली भेट याच्या दुसऱ्या टोकाला असते. स्किझोफ्रेनियाच्या ट्रायलमध्ये 'पॅन्स' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात तीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते सात गुण, आणि नीट विचारायची तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. आवाज ऐकू आले का? किती वेळा? ते काय सांगतात? ऐकून काही करावंसं वाटलं का? गेल्या आठवड्यात घरात कोणाशी बोललात? मग बरोबरच्या माणसालाही वेगळं विचारतात. आत्महत्येचे विचार आले का, हे बहुतेक मानसिक आजारांच्या ट्रायलमध्ये दर भेटीत ठरलेल्या प्रश्नांनी विचारतात. वजन, रक्तदाब, ईसीजी, रक्त, सगळं वेळच्या वेळी. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन ज्यांची साखर कोणी तपासली नव्हती, त्यांची साखर इथे तपासली जाते.

हा फायदा खरा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण तो औषधाच्या खात्यावर जमा करू नका. डिप्रेशनच्या ट्रायलमध्ये साधारण निम्म्या लोकांना औषधावर बरं वाटतं, आणि तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नुसत्या साखरेच्या गोळीवरही तीनांतल्या एकाला, कधी त्याहून जास्त जणांना. त्यात काही आजार आपोआप ओसरण्याचा भाग असतो, आणि काही दर पंधरवड्याला कोणीतरी समोर बसून ऐकून घेतं याचा. तेवढ्यासाठीच ट्रायलकडे ओढ वाटत असेल, तर आधी एखादा समुपदेशक किंवा स्वमदत गट गाठून बघा. तो चिठ्ठीशिवाय मिळतो. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

चिठ्ठी, साखरेची गोळी आणि मधला रिकामा काळ

बैठकीत सगळ्यात जास्त भीती साखरेच्या गोळीची, म्हणजे प्लासिबोची असते. माझ्या मते ती थोडी चुकीच्या जागी आहे. कित्येक ट्रायलमध्ये चालू औषध तसंच ठेवून त्याच्यावर नवं औषध किंवा प्लासिबो देतात. तिथे प्लासिबो गटात पडलात तर घरी चालू होतं तेच चालू राहतं. धोका असतो तो चालू औषध बंद करायला लावणाऱ्या ट्रायलमध्ये. जुन्या औषधाचा अंश शरीरातून जावा म्हणून काही दिवस किंवा आठवडे काहीच न देता ठेवतात, त्याला वॉशआउट म्हणतात. माहितीपत्रकात तो बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. ती ओळ शोधा.

बायपोलर आजारात लिथियम या औषधावर पाच वर्षं स्थिर असलेल्या माणसाचं लिथियम थांबवणं आणि नव्यानेच आजार सुरू झालेल्या, अजून औषध न घेतलेल्या माणसाला ट्रायलमध्ये घेणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पहिल्याला मी स्पष्ट नको म्हणेन. चांगलं चाललेलं मोडून पुन्हा तसंच बसेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पुष्कळ ट्रायल अशा माणसाला स्वतःहूनच घेत नाहीत. पण "बसवून घेऊ" असं म्हणणारं कोणी भेटलंच तर तिथून उठा.

नवं म्हणजे चांगलंच, या समजुतीवर उतारा म्हणून २०२४ सालची एक जोडी सांगते. स्किझोफ्रेनियाची त्याआधीची औषधं मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर काम करतात. मेंदूतल्या वेगळ्या, मस्कॅरिनिक नावाच्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर, काम करणारी दोन औषधं एकाच सुमारास चर्चेत होती. त्यांतल्या झॅनोमेलिन-ट्रोस्पियम या जोड औषधाला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. दुसरं, एम्राक्लिडिन, नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या दोन्ही ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. कल्पना जवळपास तीच, पाठीशी मोठ्या कंपन्या, आणि निकाल विरुद्ध. आधी कोणालाच सांगता आलं नसतं, म्हणून तर ट्रायल होतात. मनोविकारांवरच्या ज्या औषधांची माणसांवर पहिली चाचणी होते, त्यांतलं दहात एखादंही जेमतेम बाजारात पोचतं.

आता उलट बाजू. "सगळी औषधं करून झाली, काही उपयोग नाही" म्हणून ट्रायलकडे वळणारी माणसं येतात, तेव्हा मी फाइल मागते. त्यात बहुतेक वेळा तीन-चार औषधं दिसतात, पण पूर्ण डोसमध्ये आणि पुरेसे आठवडे एकही दिलेलं नसतं. डिप्रेशनचं औषध परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे घेतं. आपण दहाव्या दिवशी डॉक्टर बदलतो. अमेरिकेत चार हजारांवर रुग्णांवर झालेल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांशच होते. म्हणजे दुसऱ्या औषधाची पाळी येणं हा नेहमीच्या उपचाराचाच भाग आहे. स्किझोफ्रेनियात दोन औषधं नीट देऊनही उपयोग झाला नाही तर क्लोझापिन या औषधाचा नंबर लागतो. त्याला सुरुवातीला वरचेवर रक्ततपासणी लागते, पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर आणि घरचे दोघेही टाळतात. भूल देऊन केलेली ईसीटी, म्हणजे लोक ज्याला 'शॉक' म्हणतात ती, तीव्र नैराश्यात आजही फार गुणकारी आहे, पण नाव काढलं की घरात रडारड सुरू होते. तेच लोक अजून मंजूरही न झालेल्या औषधाला मात्र तयार असतात! डॉक्टरांना सरळ विचारा, "क्लोझापिन, लिथियम, ईसीटी यांचा विचार झालाय का? नसेल तर का नाही?" याचं उत्तर मिळेपर्यंत ट्रायलची सही पुढे ढकला.

पुण्याच्या येरझाऱ्या

नव्या औषधाच्या ट्रायलचं केंद्र शोधलं तर पत्ता बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचा निघतो. साताऱ्याहून पुणे एकशेदहा किलोमीटर. ऐकायला जवळ वाटतं, पण उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल आणि सकाळी आठला हजर व्हायचं असेल तर पहाटे साडेचारला पोवई नाका सोडावा लागतो किंवा आदल्या रात्री कोणाकडे तरी मुक्काम करावा लागतो. खंबाटकीत एखादा कंटेनर बंद पडला की वेळापत्रकाचं काय होतं ते सांगायला नको. माणदेशातून किंवा जतहून येणाऱ्यांचं तर विचारूच नका. आणि एकट्याने जायचं नसतं. बहुतेक ट्रायलमध्ये सोबतचा माणूस लागतो, कारण लक्षणांबद्दल त्यालाही विचारायचं असतं.

प्रवासखर्च ट्रायलकडून मिळतो, मिळायला हवा. मात्र तो एकाचा की दोघांचा, तिकिटाचा की गाडीचा, जागेवर मिळतो की तीन महिन्यांनी, हे आधीच विचारून घ्या. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, त्यामुळे कधीकधी आजीलाच सोबत पाठवतात. तसं करू नका. सोबतच्या माणसाला रुग्णाची रात्रीची झोप, बडबड, जेवण सगळं माहीत असावं लागतं. मोडलेला रोज मात्र सहसा कोणी भरून देत नाही. मे महिन्यात आल्याची लागण चालू असताना किंवा तासगावकडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी अंगावर आलेली असताना दर पंधरा दिवसांनी दोन माणसं एक दिवस बाहेर काढणं ज्यांना जमेल त्यांनीच हो म्हणावं. भेटी चुकल्या की तुम्ही ट्रायलमधून बाद होता, आणि मधेच बाद होणं हे सुरुवातीला नाही म्हणण्यापेक्षा त्रासाचं असतं.

नेहमीच्या उपचारात महिन्यातून एक फेरी, तीही गावाजवळ, आणि गोळ्या संपायला आल्या तर फोनवर भागतं. या बाबतीत तुलना एकतर्फी आहे, लांबवत नाही.

एक गोष्ट मात्र सुनांशी बोलताना नेहमी काढावी लागते. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बाईला गर्भनिरोधक वापरायची अट असते आणि ठरावीक भेटींना लघवीची तपासणी होते. लग्नाला वर्ष झालेली मुलगी, सासरी आजार कोणाला माहीत नाही, सासू नातवाची वाट बघतेय. अशा घरातून ही अट पाळणं सोपं नाही. तिला एकटीला बाजूला घेऊन विचारल्याशिवाय नवऱ्याने किंवा भावाने परस्पर होकार देऊ नये.

कागद

संमतीपत्राला लोक बँकेच्या फॉर्मसारखं वागवतात. दाखवाल तिथे सही. इथे थोडं थांबायला हवं, कारण नेहमीच्या उपचारात असा कागद तुमच्या हातात सहसा येत नाही, आणि हा कागद तुमच्या बाजूचा आहे.

तो मराठीत मिळायला हवा. घरी नेऊन वाचायला वेळ मिळायला हवा. सही झाल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. वाचता येत नसेल तर संपूर्ण समजावणी होईपर्यंत एक त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो, आणि तो ट्रायलशी संबंधित नसावा. नवाच रेणू, म्हणजे आधी औषध म्हणून न वापरलेलं रसायन, असेल आणि सहभागी असुरक्षित गटातला, म्हणजे ज्याच्यावर सहज दबाव येऊ शकतो असा, असेल तर संमतीच्या प्रक्रियेचं दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. कॅमेरा बघून बिचकू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न विचारतात आणि खाली वारसाचं नाव आणि नातं. कोरेगावकडच्या एका काकूंनी तो रकाना बघून कागद खाली ठेवला. "अहो, वारस कशाला लागतोय यांना? मारायलाच न्यायला लागलेत का पोराला?" रकाना भयंकर दिसतो खरा. पण तो ट्रायलमुळे मृत्यू आलाच तर भरपाई कोणाला द्यायची यासाठी कायद्यानेच ठेवलेला आहे. तो रकाना नसलेला औषध-ट्रायलचा फॉर्म पुढे आला तर मला जास्त काळजी वाटेल.

सही कोणाची, हा मानसिक आजारात सगळ्यात नाजूक भाग. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याचं ९९ वं कलम संशोधनाबद्दल आहे. संमती रुग्णाची स्वतःची लागते. निदान झालं म्हणजे माणसाची समजूत गेली असं कायदा धरत नाही. तो त्या वेळी खरंच संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि तरीही त्याला घ्यायचं असेल, तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. समजू शकणाऱ्या रुग्णांवर हे संशोधन होऊच शकत नाही, असंही दाखवावं लागतं. मग नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाची, संमती चालते. आणि रुग्ण विरोध करत असेल तर ही वाटही बंद. म्हणजे बापाने सही केली, मुलगा "नको" म्हणतोय, हे चालत नाही. दिलेली संमती कधीही, कारण न देता मागे घेता येते. फक्त सही मागे घेतली म्हणून गोळी त्याच दिवशी बंद करू नका. कशी उतरवायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ट्रायल खरी आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. भारतात २००९ पासून नोंदणी बंधनकारक आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयच्या संकेतस्थळावर, ती सगळ्यांना फुकट बघता येते. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागा. त्यात सीटीआरआय, वर्ष, महिना आणि पुढे आकडा असतो. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, तेव्हा कॉलेजातल्या भाचीला बसवा. प्रायोजक, म्हणजे ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था, कोण, प्लासिबो आहे का, कोणाला घेणार, कोणाला नाही, तुमच्या रुग्णालयाचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का, सहभागी माणसांचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या तिथल्या नैतिकता समितीने मंजुरी दिली का, आणि शंका विचारायला नाव-फोन, एवढं सगळं तिथे असतं. क्रमांक द्यायला कोणी का-कू करत असेल तर विषय तिथेच संपला.

बिघडलं तर

इथे ट्रायलचं पारडं जड आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं.

नेहमीच्या उपचारात गोळीचा दुष्परिणाम झाला तर त्याचा खर्च तुमचा. डॉक्टरांची हयगय होती हे दाखवता आलं तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण हयगय नसताना, नुसतं औषध अंगावर आलं म्हणून, कोणी भरपाई देत नाही. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये २०१९ चे नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम लागू होतात. गंभीर घटना घडली तर संशोधक डॉक्टरांनी चोवीस तासांत कळवायचं असतं. इजेवरचे उपचार मोफत द्यायचे असतात. इजा ट्रायलशी संबंधित ठरली तर भरपाई प्रायोजकाने द्यायची असते. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. आठ लाख हा पाया धरून वय आणि आजाराची जोखीम यांवरून रक्कम निघते. त्या सूत्रात उत्पन्नाला जागा नाही, फॉर्मवर ते विचारलेलं असलं तरी. प्लासिबो गटातल्या माणसाला ट्रायलच्या आराखड्यात ठरलेले नेहमीचे उपचार उपलब्ध असूनही दिले नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर तीही ट्रायलचीच इजा धरतात.

हे संरक्षण पहिल्या प्रकाराला पूर्ण लागू आहे. शैक्षणिक अभ्यास आणि समुपदेशनाच्या ट्रायल मुख्यतः आयुर्विज्ञान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांवर चालतात, तेव्हा तिथे विम्याबद्दल आणि भरपाईबद्दल वेगळं विचारा. आणि ट्रायलच्या काळात गावातल्या डॉक्टरांनी तापासाठी दिलेलं साधं इंजेक्शनसुद्धा ट्रायलच्या डॉक्टरांना कळवायचं असतं. त्यांनी दिलेलं कार्ड खिशात ठेवा. बेशुद्ध पडून कुठल्याही दवाखान्यात पोचलात तर त्यावरच्या नंबरावरून तुम्ही खरं औषध घेत होता की प्लासिबो, हे उघड करता येतं.

संपल्यावर

समजा, औषध लागू पडलं. आठ किंवा बारा आठवडे झाले, शेवटची भेट झाली, डबी परत घेतली. पुढे? औषध बाजारात नाही, यायला वर्षं लागतील किंवा कधीच येणार नाही. नियमांत एक तरतूद आहे. दुसरा पर्यायी उपचार नसेल, औषधाचा फायदा दिसला असेल, संशोधक डॉक्टरांनी शिफारस केली आणि नैतिकता समितीने मान्य केलं, तर प्रायोजकाने ते पुढेही मोफत द्यायचं. पण मनोविकारांत "दुसरा पर्याय नाही" हे सिद्ध होणं अवघड, कारण बाजारात दुसरी औषधं असतातच. तेव्हा मिळेल असं धरून चालू नका. लेखी काय लिहिलंय ते बघा. तुम्ही कुठल्या गटात होता हेही लगेच कळत नाही, सगळ्या केंद्रांचा हिशेब बंद होईपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून सहीच्या आधीचा माझा शेवटचा प्रश्न कायम हाच असतो: ट्रायल संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कोणाच्या ओपीडीत जायचं? उत्तरात साताऱ्यातल्या किंवा कराडच्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं नाव असेल आणि त्यांना हे माहीत असेल तर ठीक. "बघू तेव्हा" असेल तर नको.

मग कोणी काय करावं

गोळ्यांवर नीट चाललंय, कामावर जाणं आहे, झोप आहे: औषध बदलणाऱ्या ट्रायलच्या वाटेला जाऊ नका. समुपदेशनाची, घरभेटीची किंवा नुसत्या प्रश्नावलीची असेल तर जरूर जा.

दोन औषधं खरोखर पूर्ण डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊन झाली, क्लोझापिन किंवा ईसीटीचा विचार झाला आणि तरी आजार हटत नाही: तुमच्यासाठी ट्रायल हा गंभीर पर्याय आहे. सोबतीचा माणूस पक्का करा, चालू औषध तसंच ठेवणारी ट्रायल आधी शोधा, आणि वॉशआउट असेल तर तो घरी काढायचा की रुग्णालयात, ते विचारा.

सध्या जिवावर बेतलंय, स्वतःला इजा करण्याचे विचार येतायत: आधी उपचार, ट्रायल नंतर. अशा माणसाला बहुतेक ट्रायल घेतही नाहीत.

पैशासाठी विचार करत असाल तर नाही म्हणा. प्रवासखर्च आणि गैरसोयीबद्दल थोडी रक्कम यापलीकडे आमिष दाखवणं नियमात बसत नाही, आणि दाखवणाऱ्याचे बाकीचे कागदही तपासायची वेळ आलेली असते.

नाही म्हणायचं ठरलं तर डॉक्टरांना तोंडावर सांगायला लोक कचरतात, कारण त्याच डॉक्टरांकडे पुढची दहा वर्षं जायचं असतं. "साहेब, आत्ता जमणार नाही," एवढं पुरतं. नकारामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. होकार द्यायचा ठरला तर जायच्या आधी डॉक्टरांच्या औषधांच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या, डोस आणि तारखांसकट, झेरॉक्स करून एक संच घरी ठेवा. ट्रायलमधून परत आल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.